खाऱ्या ओल्या रेतीत मेटल डिटेक्टर सारखा का बोंबलतो? डुमस-तिथलला जाणाऱ्या खान्देशकरांसाठी

"घरना वावरमा मशीन बराबर चालस, दर्यावर गयं का बोंबलस. खराब व्हयनं का?" हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा अहिराणीतच. धुळ्यात, शिरपुरात, चाळीसगावात मशीन नीट चालतं. वावरात पडलेला विळा, कुळवाची पास, अंगणात हरवलेली जोडवी शोधून देतं. मग सुट्टीत सुरतेच्या नातेवाइकांकडे जाणं होतं, तिथून डुमसचा समुद्रकिनारा, आणि ओल्या रेतीवर कॉइल, म्हणजे मशीनच्या दांड्याखालची तबकडी, टेकवली रे टेकवली की टिवटिव सुरू. थांबतच नाही. लोक सेटिंग बदलतात, बॅटऱ्या बदलतात, काही जण नवी कॉइल मागवतात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीही बिघाड नसतो. ते ज्या जमिनीसाठी बनलेलं नाही तिथे चालवलं जात असतं. म्हणून दुरुस्तीला पैसे घालण्याआधी किंवा नवं मशीन घेण्याआधी दोष हवेतला, कॉइलमधला की रेतीतला, हे ठरवा. ते घरबसल्या ठरवता येतं, आणि तो प्रयोग पुढे सांगितला आहे.

नेमकं होतं काय

आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक मशीनं व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर चालणाऱ्या प्रकारातली, आणि एकाच फ्रिक्वेन्सीची असतात. फ्रिक्वेन्सी म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा हलते तो आकडा. गॅरेट एस २५० हे ६.५ किलोहर्ट्झचं, नोक्ता सिम्प्लेक्स प्लस १२ चं, गॅरेट एटी प्रो १५ चं. कॉइल चुंबकीय लहर सोडते, जमिनीतली वस्तू तिला उत्तर देते, आणि ते उत्तर किती उशिराने आलं त्यावरून मशीन धातू ओळखतं. या उशिराला फेज म्हणतात. जमीनही उत्तर देतच असते. ग्राउंड बॅलन्स म्हणजे जमिनीचं ते उत्तर आधीच वजा करून ठेवणं. जळगावचा सराफ रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणतो, तसं.

अडचण अशी की एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला अशी एकच वाटी वजा करता येते. काळ्या रेतीतल्या मॅग्नेटाइटचं, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहकणांचं उत्तर जवळजवळ लगेच येतं. ग्राउंड बॅलन्सच्या मोजपट्टीवर ते वरच्या टोकाला बसतं. समुद्राच्या पाण्याची गोष्ट उलटी. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते नदीच्या पाण्यापेक्षा शंभरपटीच्या आसपास जास्त वीज वाहून नेतं. ते स्वतःच एका पसरट, दुबळ्या धातूसारखं वागतं आणि त्याचं उत्तर मोजपट्टीच्या खालच्या टोकाला येतं. नुसती काळी रेती असेल तर मशीन जुळतं. नुसती खारी पांढरी रेती असली तरी बऱ्यापैकी जुळतं. दोन्ही एकत्र आले की एकाला जुळवावं तर दुसरं ओरडतं. त्यात लाट येऊन जाते आणि दर फेऱ्यात मिठाचं आणि लोहाचं प्रमाण बदलत राहतं. मशीनला शून्य सापडतच नाही.

आता आपल्याकडच्या लोकांनाच हा त्रास इतका का होतो ते पाहा. आपल्याला जवळचे किनारे म्हणजे डुमस, उभराट, तिथल. नंदुरबार-नवापूरकडून सुरतेची गाडी धरली की तिथेच पोहोचणं होतं. डुमस आणि तिथल हे दोन्ही काळ्या रेतीचे किनारे म्हणून ओळखले जातात. डुमस तर तापीच्या मुखाशीच आहे. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहत जाते, आणि तिचं खोरं बरंचसं दख्खनच्या काळ्या पाषाणाचं, म्हणजे लोहाने भरलेल्या बेसाल्टचं. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई या सगळ्या नद्या तिलाच मिळतात. तापीवरचं उकाईचं धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधी हजारो वर्षं आपल्या डोंगरांचा आणि वावरांचा चुरा या नदीने समुद्रापर्यंत नेला आहे. थोडक्यात, आपल्याच मातीतलं लोह आणि त्यावर समुद्राचं मीठ. गोव्याच्या किंवा काशीदच्या फिकट रेतीवर सिम्प्लेक्स चांगलं चालतं असं दाखवणारा व्हिडिओ खोटा नसतो, पण त्यावर विसंबून डुमससाठी मशीन घेऊ नये.

किनारा कुठलाही असो, खिशात एक चुंबक ठेवा. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेतीतून ओढा. पिशवीला काळी दाढी चिकटली तर लोह भरपूर आहे. मग एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनने ओल्या पट्ट्यात जायचं की नाही, हे तिथेच ठरतं.

घरीच समुद्र करा

खान्देशातून दर वेळी मशीन तपासायला समुद्रावर जाणं परवडत नाही. म्हणून हा प्रयोग. दोन फूट रुंदीचा प्लास्टिकचा टब घ्या. त्याला तारेची कडी, लोखंडी पट्टी असलं काही नको. त्यात २० लिटर पाणी ओता. टब मोकळ्या जमिनीवर ठेवा. घरातली फरशी आणि गच्ची टाळा, कारण स्लॅबमधल्या सळयाच मशीनला ओरडायला लावतील. मोबाइल लांब ठेवा.

पहिल्यांदा मशीन चालू करून कॉइल कमरेएवढ्या उंचीवर हवेत स्थिर धरा. इथेच टिवटिव होत असेल तर दोष जमिनीचा नाही, हवेतला आहे. हाय टेन्शनची लाइन, मोबाइल टॉवर, विहिरीवरची चालू मोटार, नाहीतर शेजारी चालू असलेलं दुसरं मशीन. नॉइज कॅन्सल किंवा चॅनेल बदलण्याची सोय वापरा, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक उत्तर पकडतं ते सेटिंग, थोडी उतरवा, जागा बदला. हजिऱ्याच्या बाजूला कारखाने आहेत, त्यामुळे डुमसला हे कारणही नेहमी डोक्यात ठेवा.

हवेत मशीन गप्प असेल तर कॉइल साध्या पाण्यात बुडवा आणि हळूच हलवा. गोड्या पाण्यात आवाज आला तर कॉइलला तडा गेला आहे, नाहीतर केबलच्या जोडात पाणी शिरतंय. ही खरी दुरुस्तीची वेळ. केबल दांड्यावर सैल गुंडाळलेली असली तरी ती हलताना खोटे आवाज येतात, म्हणून ती दोन-तीन ठिकाणी पट्टीने घट्ट बांधा. कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून पाहा. कव्हर आणि कॉइल यांच्यामध्ये ओली काळी रेती अडकली की मशीन तीच रेती सतत मोजत बसतं. ही गोष्ट फार जण विसरतात आणि निव्वळ तेवढ्यासाठी कॉइल बदलतात.

आता टबात ७०० ग्रॅम मीठ विरघळवा. हा झाला तुमचा समुद्र. कॉइल पाण्यावर चार-पाच इंचांवर धरून वर-खाली करा आणि ग्राउंड बॅलन्स जुळवा. एका फ्रिक्वेन्सीचं बरं मशीन इथपर्यंत जुळतं. मग पांझरेच्या किंवा गिरणेच्या पात्रातली काळी रेती दोन-तीन घमेली आणून टबात ओता. पाणी रेतीच्या वर दिसेल न दिसेल इतकंच राहू द्या आणि पुन्हा जुळवायचा प्रयत्न करा. कॉइल टबाच्या काठाबाहेर जाताना येणारा आवाज धरू नका, मधोमधचाच ऐका. इथे मशीन भांडायला लागलं तर डुमसलाही ते तसंच वागणार. कॉइल, बॅटरी, दुकानदार यांपैकी कोणाचाच त्यात दोष नाही.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. घरातली सोन्याची पातळ अंगठी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीला दोरा बांधा आणि रेतीत तीन-चार इंच पुरा. मिठाचा आवाज बंद होईल इतकं डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ती उत्तरं गाळण्याचं सेटिंग, वाढवा आणि बघा, अंगठी अजून बोलते का? अनेक मशीनं इथे पूर्ण शांत होतात. आवाज गेला म्हणून माणूस खूश होतो, पण आवाजाबरोबर सोनंही गेलेलं असतं. नवं मशीन घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला हाच प्रयोग करून दाखवायला सांगा. हवेत नाणं फिरवून दाखवलं की काहीच कळत नाही.

मीठ गप्प केलं की सोनं का हरवतं

पातळ अंगठी, कानातला टॉप, बारीक साखळी यांचं उत्तर दुबळं असतं आणि मोजपट्टीवर ते मिठाच्या शेजारीच येतं. फॉइलही तिथेच. मशीनमधला साधा "बीच मोड" पुष्कळदा एवढंच करतो की तो खालचा पट्टा कापून टाकतो. साखळीचं तर आणखी अवघड. मशीनला ती अख्खी दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते, आणि एका कडीचं उत्तर नगण्य असतं. मंगळसूत्र सापडतं ते बहुधा वाट्यांमुळे. कोणाचं मंगळसूत्र किनाऱ्यावर हरवलं आणि तुम्हाला बोलावणं आलं, तर आधी विचारा: वाट्या सोन्याच्या आहेत का, पेंडंट आहे का, साखळी भरीव की पोकळ. त्यावर मशीन कसं लावायचं ते ठरतं.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. धातू ओळखायला मशीनच्या स्क्रीनवर एक आकडा येतो. परदेशी व्हिडिओंमध्ये सोन्याचे असे जे आकडे दाखवतात ते बहुतेक १४ किंवा १८ कॅरेटचे असतात. आपल्याकडचा दागिना साधारण २२ कॅरेटचा. सोनं जितकं शुद्ध तितकं ते वीज चांगलं वाहून नेतं, म्हणून तेवढ्याच आकाराची आपली अंगठी स्क्रीनवर थोडा वरचा आकडा दाखवते. त्यांच्या आकड्यांवर विसंबून खणायचं की सोडायचं ठरवू नका. घरातल्या दागिन्यांचे आकडे स्वतः घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

नाण्यांचंही असंच. आपली सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत आणि चुंबकाला चिकटतात. लोखंड वगळायचं सेटिंग लावलं की ती गाळली जातात, नाहीतर विचित्र आवाज देतात. "नाणंसुद्धा सापडत नाही, मशीन बोगस आहे" अशी तक्रार करण्याआधी पाच रुपयांचं पितळी नाणं पुरून पाहा.

असलेल्या मशीनवर काय करता येईल

एका फ्रिक्वेन्सीचं मशीन फेकून द्यायची गरज नाही. कोरड्या रेतीत, म्हणजे भरतीच्या रेषेच्या वर, जिथे लोक चादरी टाकून बसतात आणि भजी-मक्याच्या गाड्या लागतात, तिथे ते छान चालतं. दागिनेही तिथे भरपूर पडतात. ओल्यात जायचंच असेल तर सेन्सिटिव्हिटी मनाला पटेल त्याहून जास्त उतरवा. खोली कमी होईल ही भीती असते, पण सारखं ओरडणारं मशीन दोन इंचांवरची अंगठीही सांगू शकत नाही. गप्प मशीन सहा इंचांवरची सांगतं.

ग्राउंड बॅलन्स ओल्या रेतीतच करा, धातू नाही अशी जागा बघून, आणि कोरड्यातून ओल्यात जाताना पुन्हा करा. चालायचं ते पाण्याच्या रेषेला समांतर. समुद्राकडे आणि परत असे फेरे मारले की प्रत्येक फेऱ्यात ओल बदलते आणि जुळवलेलं सगळं बिघडतं. लाट अंगावर आली की कॉइल उचला, पाणी ओसरू द्या, मग पुढे. कॉइल रेतीपासून एकाच उंचीवर ठेवा. छोटी कॉइल असेल तर तीच लावा. ती एका वेळी कमी मीठ आणि कमी लोह बघते, म्हणून कमी गोंधळते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "सोन्यासाठी जास्त फ्रिक्वेन्सी" हे कोरड्या जमिनीवर खरं आहे. पण मिठाचं उत्तर फ्रिक्वेन्सी वाढली की वाढतं. त्यामुळे सोनं शोधायचं म्हणून घेतलेलं जास्त किलोहर्ट्झचं मशीन ओल्या खाऱ्या रेतीत साध्या मशीनपेक्षाही जास्त त्रास देतं.

नवं घ्यायचं तर

माझं मत स्पष्ट आहे. डुमस-तिथलचा ओला पट्टा करायचा असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन घ्या. फ्रिक्वेन्सी बदलली की मिठाचं उत्तर एका तऱ्हेने बदलतं आणि लोहाचं वेगळ्या तऱ्हेने. अनेक उत्तरं एकदम हातात असली की मशीनला दोन्ही वेगवेगळी ओळखून वजा करता येतात. इथे एक फसगत होते: "पाच फ्रिक्वेन्सींचं" म्हणून विकलेलं मशीन एका वेळी एकच वापरत असेल तर त्याचा इथे उपयोग नाही. "एकाच वेळी" हे शब्द विचारून घ्या.

यातलं सुरुवातीचं मशीन म्हणजे मिनलॅबची व्हँक्विश मालिका. वर्षातून थोड्या वेळा समुद्रावर आणि बाकी वेळ वावरात असं ज्याचं आहे त्याला ते पुरतं. त्याच्या दोन मर्यादा मात्र आधी समजून घ्या. ग्राउंड बॅलन्स हाताने जुळवता येत नाही, आणि पाण्यात फक्त कॉइल जाते, वरचा स्क्रीनचा डबा नाही. लाटेत घसरून पडलात तर मशीन गेलं. गुडघाभर पाण्यात उतरणारा असेल त्याने नोक्ता लेजंड किंवा मिनलॅब इक्विनॉक्स बघावं. लेजंड तीन मीटरपर्यंत पाण्यात चालतं, इक्विनॉक्स ७०० आणि ९०० पाच मीटरपर्यंत. एक्सपी ड्यूस २ वीस मीटरपर्यंत जातं, पण आपल्यातल्या फार कमी जणांना ती खोली लागते. वायरलेस हेडफोनचा सिग्नल पाण्यातून जात नाही. डबा पाण्याखाली जाणार असेल तर वायरचाच हेडफोन घ्यावा लागतो.

हा पैसा फक्त समुद्रासाठी जातो असंही समजू नका. आपली काळी माती त्याच बेसाल्टची आहे, म्हणून वावरातही अशा मशीनचा फरक कळतो.

पल्स इंडक्शनची मशीनं, जसं गॅरेट सी हंटर मार्क २, मीठ आणि काळी रेती दोन्ही सहज पचवतात. ती लहर सतत न सोडता झटके देतात आणि झटक्यानंतर क्षणभर थांबून ऐकतात. तोवर मिठाचं उत्तर विरून गेलेलं असतं. पण लोखंड कोणतं आणि सोनं कोणतं हे त्यांना धड सांगता येत नाही. डुमसच्या गाड्यांजवळ बाटल्यांचे बिल्ले, खिळे, तारा इतक्या आहेत की दिवसभर खड्डेच खणत बसाल. गर्दीपासून लांब, किंवा पाण्यात उतरून काम करणाऱ्यानेच ती घ्यावीत.

समुद्रावर जाताना

खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. डुमसला पाणी दूरवर मागे जातं आणि उघडा पट्टा बघून पाय आपोआप पुढे पडतात. नदीकाठी वाढलेल्या आपल्या माणसाला समुद्र परत किती वेगाने येतो याचा अंदाज नसतो, आणि पुढे गाळ आहे. कानाला हेडफोन आणि नजर रेतीत असताना तर मागे बघितलंच जात नाही. ओहोटी अजून उतरत असताना शोध सुरू करा आणि पाणी फिरलं की निघा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओला पट्टा सर्वांत जास्त उघडतो आणि पाणीही त्याच दिवसांत सर्वांत जोरात येतं. एकट्याने जाऊ नका, आणि जाण्याआधी तिथल्या पोलीस चौकीत सांगून ठेवा.

सापडलेली अंगठी तुमची होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७१ सापडलेली वस्तू सांभाळण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकतं, म्हणून मालकाचा शोध घ्या, चौकीत नोंद करा. जमिनीत दडलेलं जुनं धन मिळालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची लेखी खबर कलेक्टरला द्यावी लागते. आणि हेच मशीन घेऊन प्रकाशा, बहाळ किंवा लळिंगच्या किल्ल्यावर जायचा मोह टाळा. प्रकाशा आणि बहाळला उत्खननं झाली आहेत, ताम्रपाषाण काळातल्या वस्त्या तिथे मिळाल्या आहेत. तिथे खणलेला एक खड्डा खान्देशच्या इतिहासाचं पान कायमचं फाडतो.

परत आल्यावर, खरं तर सुरतेतच, मशीन गोड्या पाण्याने धुवा. बॅटरीचं झाकण आणि हेडफोनची पिन उघडण्याआधी बाहेरचं मीठ पूर्ण जाऊ द्या, नाहीतर उघडताना तेच आत शिरतं. कॉइलचं कव्हर काढून आतली काळी रेती धुऊन काढा, दांड्याचे जोड सुटे करून सावलीत वाळवा. मीठ लावून तसंच बंद डिकीत नवापूरचा घाट चढवलेलं मशीन पुढच्या सुट्टीला खरोखरच बिघडलेलं निघतं, आणि तो बिघाड टबातल्या प्रयोगाने दुरुस्त होत नाही.